नाडी मंद, म्हणून लगेच पेसमेकर?

इचोड्याच्या माझ्या भाच्याची नाडी मिनिटाला ४४ भरली आणि घरात पेसमेकरची चर्चा सुरू झाली. वय २०, रोज पहाटे धावणारा. अशा मुलांचे ठोके विश्रांतीत चाळिशीत असू शकतात. आकड्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची: भोवळ, शुद्ध हरपणे, लवकर दम लागणे. ईसीजी, २४ तासांचे होल्टर, थायरॉईड तपासणी आणि धावल्यावर ठोके वाढतात का, हे पाहूनच निर्णय होतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खाली पोहोचतच नसेल, तर बहुधा पेसमेकर लागतो. तेव्हा टाळाटाळ नको. मात्र बॅटरी साधारण १० वर्षे टिकते, म्हणजे विशीतल्या मुलाला पुढे अनेकदा शस्त्रक्रिया. भाच्याच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. तूर्त पेसमेकर नाही. पण कधी शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरात सर्वांना बजावले आहे.