चार लोक काय म्हणतील?

‘चार लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न ऐकतच आपण मोठे होतो, पण हे चार लोक कोण, ते कोणी सांगत नाही. शिवाय त्या चौघांचं आपल्याविषयी एकच मत असणार, हे गृहीतच. संख्याशास्त्रानं नेमकं या गृहीतालाच हात घातला.

सुरुवात आरशापासून झाली. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1902 साली मांडलं की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या नजरेच्या आरशात घडवतो. कल्पना देखणी होती आणि बरीच वर्षं तिच्यावर निभावलं. मग 1979 मध्ये श्रॉगर आणि शोनमन यांनी तोवरचे पन्नासहून अधिक अभ्यास चाळले. लोकांना आपण कसे वाटत असू याचा आपला अंदाज स्वतःविषयीच्या मताशी छान जुळतो. लोकांच्या खऱ्या मताशी मात्र त्याचा मेळ बसेलच असं नाही. म्हणजे आरसा आहे, पण त्यात दिसतं ते बरंचसं आपणच काढलेलं चित्र!

हे मोजायचं कसं? समजा, सहा मैत्रिणींची भिशी आहे. प्रत्येकीनं बाकी पाचजणींना मनमोकळेपणासाठी दहापैकी गुण द्यायचे. झाले 30 आकडे. शिवाय ‘ती मला किती देईल?’ याचे अंदाज, आणखी 30. आता गुंता असा, की कुणाचा हातच सढळ असतो, ती सगळ्यांना आठ देते. कुणी सगळ्यांचीच लाडकी असते. आणि काही गुण केवळ त्या दोघींमधले असतात, तिसरीला त्याचा पत्ता नसतो. नेहमीच्या संख्याशास्त्रीय रीती प्रत्येक नोंद स्वतंत्र मानून चालतात; इथे तर एकच बाई पहिल्या तिसांतल्या दहा नोंदींत बसलेली, पाचांत परीक्षक आणि पाचांत परीक्षार्थी. वॉर्नर, केनी आणि स्टोटो यांनी 1979 मध्ये गुणांतली तफावत तीन वाटण्यांत फोडायची रीत दिली: बघणारीची, दिसणारीची आणि जोडीची. माझ्या मते या विषयातलं खरं पाऊल हेच. बाकी पुष्कळसं त्याचं पाणी पुढे नेणं.

अंदाजांचे आकडेही तसेच फोडता येतात. डेव्हिड केनी आणि बेला डिपॉलो यांनी 1993 मध्ये आधीच्या अभ्यासांतली माहिती अशी तपासली, तेव्हा अंदाजांतला मोठा वाटा बघणारीचा निघाला. एकूण गोतावळ्यात आपली प्रतिमा काय, हे माणसाला बऱ्यापैकी कळतं. पण कोणाला आपण जास्त आवडतो आणि कोणाला कमी, इथे तो चाचपडतो. कारण तो समोरच्याचा चेहरा वाचण्याऐवजी स्वतःविषयीचं मतच पाचही जणांच्या तोंडी घालतो.

बरं, अंदाज आणि खरे गुण यांचा सहसंबंध चांगला आला म्हणजे अंदाज बरोबर, असंही नाही. प्रत्येकीनं खऱ्यापेक्षा दोन गुण कमी धरले, तरी क्रम जुळतो आणि सहसंबंध अगदी पूर्ण येतो! म्हणून पातळीतली चूक वेगळी पाहावी लागते. ती दिसतेही. बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं, की अनोळखी माणसाशी गप्पा मारून उठल्यावर आपण त्याला जितके आवडलेलो असतो, त्याहून कमी आवडलो असं आपल्याला वाटतं. आणि 2000 सालचा कॉर्नेल विद्यापीठातला तो गंमतीदार प्रयोग: लाजिरवाणा टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी पाहिला, पाहिला होता जेमतेम चौथाईनं.

मात्र यातले बरेच प्रयोग कॉलेजच्या पोरांवर, तासा-दोन तासांच्या ओळखीवर झालेले. चाळीतल्या, वाड्यातल्या, लग्नाच्या मांडवातल्या नजरा वर्षानुवर्षं मुरलेल्या असतात. तिथे केनींची फोड लावून पाहायला हवी. त्या गणिताला गट केवढा लागतो, तर कमीत कमी चार जणांचा. तिघं घेतले, की एका सूत्रात छेदस्थानी शून्य येतं.