जलचिन्ह, मुद्रित

संगणकाच्या साहाय्याने मुद्रित केलेल्या पृष्ठावर मूळ मजकुराच्या मागे फिकट छटेत उमटविलेला शब्द, बोधचिन्ह वा आकृती. ‘मसुदा’, ‘गोपनीय’, ‘स्थळप्रत’, ‘रद्द’ यांसारखे शब्द पृष्ठभर तिरपे उमटवून दस्तऐवजाची स्थिती वाचकाला पहिल्याच दृष्टिक्षेपात कळविणे, हा त्याचा मुख्य उद्देश असतो. कागद तयार होत असतानाच त्यात निर्माण केलेल्या जलचिन्हावरून हे नाव आले असले, तरी दोहोंची जडणघडण व प्रामाण्य यांत मूलभूत फरक आहे. कागदातील जलचिन्ह हा त्या कागदाचाच एक गुणधर्म असतो; मुद्रित जलचिन्ह हे पृष्ठाच्या वर्णनात घातलेल्या काही आज्ञांचे फलित असते. ते कसे तयार होते हे कळले, म्हणजे त्यावर कितपत विसंबावे हेही कळते.

कागदातील जलचिन्ह : इटलीतील फाब्रिआनो येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदात जलचिन्हे घालण्यास प्रारंभ झाला. हातकागदाच्या साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बसविली, म्हणजे तेवढ्या भागात लगद्याचा थर पातळ होतो आणि कागद उजेडासमोर धरला असता ती आकृती उजळ दिसते. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर तयार होणाऱ्या सलग कागदात जलचिन्ह उठविण्यासाठी तारेची आकृती बसविलेला पोकळ रूळ वापरात आला. ब्रिके या स्विस संशोधकाने १९०७ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या कोशात सु. १६,००० जलचिन्हांची नोंद असून जुन्या हस्तलिखितांचा व ग्रंथांचा काळ ठरविण्यास तो उपयोगी पडतो. भारतीय चलनी नोटांच्या १९९६ पासूनच्या मालिकेत महात्मा गांधी यांच्या प्रतिमेचे जलचिन्ह आहे. असे चिन्ह कागद फाडल्याशिवाय काढता येत नाही व साध्या मुद्रणाने त्याची नक्कल होत नाही [⟶ कागद].

पृष्ठवर्णन भाषा : लेसर मुद्रक पृष्ठावर असंख्य सूक्ष्म ठिपके उमटवून अक्षरे व चित्रे घडवितो. कोणता ठिपका काळा व कोणता पांढरा हे संगणकाने एकेक करून कळविण्याऐवजी ‘अमुक जागी, अमुक आकाराची, अमुक अक्षरे काढ’ असे पृष्ठाचे वर्णन एका ठरावीक भाषेत पाठवावे आणि त्याचा अर्थ लावून मुद्रकानेच ठिपके ठरवावेत, ही पृष्ठवर्णन भाषेची कल्पना होय. या भाषांपैकी पोस्टस्क्रिप्ट ही विशेष प्रसिद्ध आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्के यांनी १९८२ मध्ये अडोबी सिस्टिम्स ही संस्था स्थापन केली व १९८४ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये ॲपल कंपनीचा लेसररायटर हा मुद्रक तिच्यासह बाजारात आला. तो दर इंचास ३०० ठिपके उमटवीत असे. भाषेची दुसरी पातळी १९९१ मध्ये व तिसरी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

पोस्टस्क्रिप्टमध्ये आधी राशी व मग क्रिया असा क्रम असतो. राशी एका चळतीवर एकावर एक ठेवल्या जातात व क्रिया त्या वरून उचलून घेते. लांबीचे एकक १/७२ इंच असून आदिबिंदू पृष्ठाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात असतो. ए-४ आकाराचे पृष्ठ या मापाने सु. ५९५ एकके रुंद व ८४२ एकके उंच भरते. करड्या छटेसाठी ० म्हणजे काळा व १ म्हणजे पांढरा अशी मोजपट्टी आहे.

चिन्हाची रचना : पृष्ठाच्या मध्यभागी तिरपा शब्द काढावयाचा असल्यास पुढील क्रम योजतात. (१) ‘जीसेव्ह’ या आज्ञेने रेखनाची चालू स्थिती, म्हणजे छटा, अक्षरसंच, आदिबिंदू इ., जपून ठेवतात. (२) ‘२९८ ४२१ ट्रान्सलेट’ या आज्ञेने आदिबिंदू पृष्ठाच्या मध्यावर आणतात. (३) ‘५५ रोटेट’ या आज्ञेने अक्ष ५५ अंशांतून फिरवितात. ए-४ पृष्ठाच्या बाजूंचे गुणोत्तर १ : √२ असल्याने त्याचा कर्ण आडव्या बाजूशी सु. ५४·७ अंशांचा कोन करतो; त्यामुळे शब्द कर्णावर बरोबर बसतो. (४) अक्षरसंच व त्याचा आकार निवडून ‘०·९ सेटग्रे’ या आज्ञेने छटा फिकट करतात. (५) ‘स्ट्रिंगविड्थ’ या आज्ञेने शब्दाची रुंदी मोजून तिच्या निम्म्याइतके डावीकडे सरकतात व ‘शो’ या आज्ञेने शब्द रंगवितात. (६) ‘जीरिस्टोअर’ या आज्ञेने जपलेली स्थिती परत आणतात. ही शेवटची पायरी गाळल्यास त्यापुढील सर्व मजकूरही तिरपा व फिकट उमटतो. प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीत लिहिल्या जातात.

कर्णाची लांबी सु. १,०३१ एकके असली, तरी कोपऱ्यांजवळ अक्षरांच्या उंचीला जागा अपुरी पडते व बहुतेक मुद्रक कागदाच्या कडेची अरुंद पट्टी कोरीच ठेवतात. त्यामुळे शब्दाची लांबी कर्णाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवणे श्रेयस्कर असते.

प्रत्येक पृष्ठावर उमटविणे : वरील आज्ञा एकदाच दिल्यास चिन्ह एकाच पृष्ठावर येते. पृष्ठ पूर्ण झाल्यावर ‘शोपेज’ ही आज्ञा ते मुद्रित करते, फलक कोरा करते व रेखनाची स्थिती मूळ पदावर आणते. पहिल्या पातळीच्या मुद्रकांवर यासाठी ‘शोपेज’ याच नावाची नवी व्याख्या करीत. तीत आधी जलचिन्ह काढून मग मूळची आज्ञा पार पाडली जाई. टेक या अक्षरजुळणी प्रणालीचे फलित पोस्टस्क्रिप्टमध्ये आणणाऱ्या डीव्हीआयपीएस या आज्ञावलीत पृष्ठारंभी आपोआप पार पडणारी ‘बॉप-हूक’ नावाची जागा मुद्दाम राखलेली आहे. दुसऱ्या पातळीपासून भाषेतच ‘बिगिनपेज’ व ‘एंडपेज’ अशा दोन जागा उपलब्ध झाल्या. त्यांत ठेवलेल्या आज्ञा अनुक्रमे प्रत्येक पृष्ठाच्या आरंभी व अखेरीस पार पडतात. ‘बिगिनपेज’ला आधी किती पृष्ठे झाली तो आकडा मिळतो, तो शून्य आहे का हे तपासून केवळ पहिल्या पृष्ठावर चिन्ह काढता येते. ‘एंडपेज’ला या आकड्याखेरीज पृष्ठ कोणत्या कारणाने संपले हेही कळते आणि पृष्ठ मुद्रित करावे की नाही याचे उत्तर तिने द्यावयाचे असते.

या सोयीचे महत्त्व असे की, मूळ दस्तऐवजाला हात न लावता त्याच्या आधी चार ओळी जोडल्या, की शंभर पृष्ठांवर चिन्ह उमटते. मात्र दस्तऐवजाने स्वतःच याच जागांत आपल्या आज्ञा ठेवल्या, तर आधीच्या पुसल्या जातात व जलचिन्ह मुकाट्याने नाहीसे होते. म्हणून मुद्रणानंतर निदान पहिले, मधले व शेवटचे पृष्ठ पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

रंगलेपनाचा क्रम : पोस्टस्क्रिप्टमधील रंग अपारदर्शक मानलेला आहे. नंतर लावलेला रंग आधीचा रंग पूर्णपणे झाकतो, मग तो पांढरा का असेना. त्यामुळे जलचिन्ह पृष्ठाच्या आरंभी रंगविले तर मजकूर त्यावर स्पष्ट उमटतो. परंतु पृष्ठात पांढऱ्या पार्श्वभूमीचे चित्र वा कोष्टक असल्यास तेवढ्या भागात चिन्ह तुटते. क्रमवीक्षकाने टिपलेले संपूर्ण पृष्ठ हे एकच मोठे चित्र असल्याने त्याखाली चिन्ह मुळीच दिसत नाही. याउलट चिन्ह अखेरीस रंगविले तर ते कोठेही तुटत नाही. पण त्याची करडी छटा खालची काळी अक्षरे झाकून मजकूर अवाच्य करते. अशा वेळी भरीव अक्षरांऐवजी केवळ बारीक बाह्यरेषेची अक्षरे काढतात.

छटा व तिची मर्यादा : एकरंगी मुद्रकापाशी करडी शाई नसते. वृत्तपत्रातील छायाचित्राप्रमाणेच काळ्या ठिपक्यांच्या विरळ जाळीतून करड्या रंगाचा आभास निर्माण केला जातो. जाळीचे एक घर ५ × ५ ठिपक्यांचे असेल, तर त्यात २५ ठिपके व म्हणून २६ छटा शक्य होतात. ०·९ छटेसाठी अशा घरात दोन किंवा तीन ठिपके काळे होतात. छटा याहून बरीच गडद केली, तर लहान अक्षरांच्या कडा जाळीत हरवतात. फार फिकट केली, तर छायाप्रत काढताना चिन्ह गळून पडते व ‘मसुदा’ म्हणून दिलेला कागद छायाप्रतीत अंतिम मजकुरासारखा दिसू लागतो. हाच दोष काही सुरक्षा-कागदांत गुण म्हणून वापरला आहे. तेथे पार्श्वभूमी अतिसूक्ष्म ठिपक्यांची व दडलेला शब्द किंचित मोठ्या ठिपक्यांचा असून दोहोंची छटा सारखीच दिसते. छायाप्रतीत सूक्ष्म ठिपके नाहीसे होऊन मोठे तेवढे उरतात व दडलेला शब्द प्रकट होतो.

देवनागरी चिन्हे : ‘शो’ ही आज्ञा संकेतांकांना नेमून दिलेल्या आकृत्या एकापुढे एक मांडते, जोडाक्षरे घडविण्याचे वा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणण्याचे ज्ञान तिला नसते. ‘स्थळप्रत’ या शब्दातील ‘स्थ’ व ‘प्र’ यांच्या आकृत्या कोणत्या, हे अक्षरजुळणी करणाऱ्या आज्ञावलीने आधीच ठरवून द्यावे लागते. सोपा पर्याय म्हणजे संपूर्ण शब्द बाह्यरेषांच्या आकृतीच्या रूपात साठवून ठेवणे. दुसऱ्या पातळीपासून अशी आकृती ‘फॉर्म’ म्हणून एकदाच सांगून प्रत्येक पृष्ठावर पुन्हा वापरता येते.

पीडीएफमधील जलचिन्ह : १९९३ मध्ये अडोबीने आणलेला पीडीएफ हा प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचे रेखनविषयक प्रतिमान पोस्टस्क्रिप्टवरच आधारलेले आहे. परंतु ती आज्ञावलीची भाषा नाही. ‘बिगिनपेज’सारखी जागा तीत नसल्याने प्रत्येक पृष्ठाच्या आशयाला जलचिन्हाचा तुकडा आरंभी वा अखेरीस जोडावा लागतो; आकृती मात्र एकदाच साठविली तरी पुरते. २००१ मधील १·४ या आवृत्तीपासून पारदर्शक रंगाची सोय झाली. त्यामुळे चिन्ह सर्वांत वर असूनही खालचा मजकूर वाचता येतो व अपारदर्शकतेची अडचण बहुतांशी दूर झाली. २००३ मधील १·५ या आवृत्तीपासून पडद्यावर न दिसता केवळ मुद्रणात उमटणारे चिन्हही करता येते.

प्रामाण्य : मुद्रित जलचिन्ह ज्या आज्ञांनी निर्माण होते, त्या वगळल्या की ते नाहीसे होते, आणि ज्याच्यापाशी संगणक आहे त्या कोणालाही ‘प्रमाणित प्रत’ हे शब्द कोणत्याही कागदामागे उमटविता येतात. म्हणजे जो सुलभपणा त्याला उपयुक्त बनवितो, तोच त्याला पुरावा म्हणून निरुपयोगी ठरवितो. कागदातील जलचिन्हाविषयी शतकानुशतके दृढ झालेला विश्वास केवळ नामसाम्यामुळे त्याला लाभता कामा नये. दस्तऐवजात फेरफार झाला नाही याची खात्री हवी असल्यास अंकीय स्वाक्षरीचा अवलंब करावा लागतो. तीत संपूर्ण आशयावरून काढलेली संख्या स्वाक्षरीत गुंफलेली असल्याने एक अक्षर बदलले तरी पडताळणीत ते उघड होते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा स्वाक्षरीस वैध मान्यता आहे. मात्र तीही संगणकातील दस्तऐवजापुरतीच टिकते. कागदावर उतरल्यावर स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते.

म्हणून मुद्रित जलचिन्हाचे खरे कार्य संरक्षणाचे नसून सूचनेचे आहे. टिप्पणीचा कच्चा खर्डा अंतिम आदेश समजून अंमलात येऊ नये, रद्द झालेले देयक पुन्हा भरणा होऊ नये, स्थळप्रत मूळ प्रतीच्या जागी जाऊ नये, अशा प्रामाणिक चुका टाळण्यास ते अत्यंत परिणामकारक आहे. हेतुपुरस्सर केलेली फसवणूक रोखण्यास ते असमर्थ असून त्यासाठी कागद, सही, शिक्का व नोंदवही यांचीच पडताळणी करावी लागते.