लॅपटॉपचा पहारेकरी मांडी राखत नाही

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडी आयटी पार्कच्या शेजारचे गाव. येथे राहणाऱ्या अनेकांचा दिवस लॅपटॉपवर जातो. घरून काम असले की टेबल-खुर्ची बाजूला राहते आणि पलंगावर, उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप येतो.

लॅपटॉप तापला की आतला पंखा घोंघावू लागतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे काम मदरबोर्डवरची एक छोटी, स्वतंत्र चिप पाहते. तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी संगणकात इंटेलची ८०४२ ही चिप कीबोर्ड सांभाळत असे. आजचा कंट्रोलर तिचाच वारसदार. पुढे त्याच्याकडे बॅटरीचे चार्जिंग, झाकण, पॉवर बटण आणि पंखा अशी कामे येत गेली. माणूस गाढ झोपला तरी मेंदूचा तळचा भाग श्वास चालू ठेवतो, तसा हा कंट्रोलर लॅपटॉप बंद असतानाही सहसा जागा असतो. नाहीतर पॉवर बटण दाबल्याचे कळणार कोणाला?

मात्र त्याचे मुख्य काम यंत्र वाचवण्याचे. प्रोसेसर नव्वद अंश सेल्सिअसच्या पुढेही चालू शकतो. त्वचेचे गणित फार वेगळे आहे. साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब, म्हणजे चटका बसणार नाही इतकीच, रोज एकाच जागी लागत राहिली तर तेथे जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग उमटतात. वैद्यकात याला ‘एरिथेमा अब इग्ने’ म्हणतात. पूर्वी हे डाग शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर दिसत, काश्मिरात कांगडी वापरणाऱ्यांच्या पोटामांड्यांवर. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो काही महिने रोज तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळत असे, आणि डाग होता फक्त डाव्या मांडीवर.

डाग दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. उष्णता वेळीच थांबली तर तो काही महिन्यांत फिकट होतो; वर्षानुवर्षे चालू राहिली तर कायमचा राहतो आणि क्वचित तेथे त्वचेचा कर्करोगही होतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना तर ऊबही जाणवत नाही.

पुरुषांसाठी आणखी एक बाब. न्यूयॉर्कमधील २००५ च्या अभ्यासात २९ तरुणांनी तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवला, तेव्हा अंडकोशाचे तापमान सुमारे अडीच ते पावणेतीन अंशांनी वाढले. गंमत अशी, की यातली सुमारे दोन अंशांची वाढ नुसत्या मांड्या जुळवून बसण्याने झाली होती! शुक्राणूंना उष्णता मानवत नाही, त्यामुळे मूल हवे असणाऱ्यांनी लॅपटॉप टेबलावरच ठेवावा.

मांडीवर उशी घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात. त्याने मांडी वाचते, पण तळाची हवेची भोके बुजतात आणि कंट्रोलर पंखा आणखी जोरात फिरवतो. लाकडी पाट किंवा कडक ट्रे बरा.