दोन तपासण्यांच्या मधली साखर

वऱ्हाडातील अनेक घरांत मधुमेहाच्या तपासणीचा रिवाज ठरलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी अमरावती किंवा अकोल्याला जायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा द्यायचे आणि ते दोन आकडे डॉक्टरांना दाखवायचे. आदले चार दिवस पथ्य कडक पाळले जाते, हेही ओघाने आलेच. आकडे चांगले आले की घर निश्चिंत होते. मात्र उरलेल्या दिवसांत, विशेषतः रात्री, साखर कुठवर चढली आणि कुठवर उतरली, याची नोंद त्या कागदावर नसते. रक्तशर्करेच्या सलग मापनाचे तंत्र हीच उणीव भरून काढते.

तंत्र काय आहे?

नाण्याएवढा सेन्सर दंडाच्या मागील बाजूस चिकटवला जातो. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली काही मिलिमीटर आत राहतो. तेथील द्रवातील ग्लुकोजची तंतूवरील विकराशी प्रक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो. एक सेन्सर साधारणतः १० ते १५ दिवस चालतो. अमेरिकेत अशा पहिल्या उपकरणाला १९९९ साली मान्यता मिळाली; त्या काळी त्यातील नोंदी नंतर डॉक्टरच पाहू शकत.

हे मापन थेट रक्ताचे नसते. त्वचेखालील द्रवातील साखर रक्तातील साखरेच्या ५ ते १५ मिनिटे मागे असते. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो. म्हणून लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर खात्री करून घ्यावी.

आलेख कसा वाचावा?

२०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार, दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ, म्हणजे सुमारे १७ तास, साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. ७० च्या खाली ती दिवसातून तासाभराहून कमी वेळ असावी. वृद्ध व दुर्बल रुग्णांसाठी निम्मा दिवस मर्यादेत असणे पुरेसे मानले जाते. मात्र ७० खालचा काळ त्यांच्या बाबतीत पाव तासाच्या आत हवा.

ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज या आलेखापुढे टिकत नाही. दोन भाकरी आणि चार भाकरी यांतला फरक तेथे दिसतो. आमरस-पोळीनंतरची उसळी दिसते, तसेच जेवणानंतरच्या वीस मिनिटांच्या फेरफटक्याने ती किती ओसरली, हेही दिसते.

त्याहून महत्त्वाची असते रात्रीची घसरण. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा शेतकरी दिवसभर शेतात राबला, त्यातच एकादशीचा उपवास असला, तर पहाटेपूर्वी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रात्री सुटलेला घाम आणि सकाळची डोकेदुखी उन्हाच्या किंवा थकव्याच्या खाती जमा होते. ही घसरण आलेखात सापडली, तर डॉक्टरांना औषधाची मात्रा वेळीच बदलता येते.

विदर्भाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींच्या आयुर्मानावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णांत या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे साखर जास्त असूनही हा आकडा कमी येऊ शकतो. विदर्भातील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांना सलग मापन अधिक विश्वासार्ह चित्र देते.

गरज कोणाला?

अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एक-दोन वेळा दीर्घकालीन इन्सुलिन घेणाऱ्या प्रकार दोनच्या रुग्णांत सलग मापनामुळे एचबीए१सी आठ महिन्यांत ९.१ वरून ८.० वर आले. केवळ ग्लुकोमीटर वापरणाऱ्यांत ते ९.० वरून ८.४ पर्यंतच उतरले. इन्सुलिन घेणाऱ्यांना तसेच साखर वारंवार उतरणाऱ्यांना या तंत्राचा लाभ अधिक. केवळ गोळ्यांवर असलेल्यांनीही त्याचा विचार करावा, असे अमेरिकी मधुमेह संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूत्रांत सुचवले. मात्र सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि ठरावीक दिवसांनी तो बदलावा लागतो. साखर स्थिर असलेल्या रुग्णाला तो बाराही महिने लावण्याची गरज नसते. औषध बदलताना किंवा आकड्यांचा उलगडा होत नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवड्यांपुरता लावला तरी बरेच कळते. त्या काळात जेवण, औषध, श्रम व झोपेच्या वेळा वहीत टिपून ठेवाव्यात; नाहीतर आलेखातील चढ-उतारांचा अर्थ लागत नाही.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. सेन्सरचे पाकीट उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. घामाने चिकटपट्टी सुटू शकते. वरून वैद्यकीय पट्टी लावावी. त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

साखर ७० च्या खाली गेल्यास शुद्ध असलेल्या रुग्णाने तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. एखादा चढा आकडा पाहून स्वतःच गोळी वाढवणे किंवा जेवण सोडणे मात्र धोक्याचे ठरते. सेन्सर साखर दाखवतो, कमी करत नाही. ते काम आहार, श्रम आणि औषध यांनाच करावे लागते.