दहा वर्षांच्या बोलीवर आलेलं घर

सकाळी जागेवर फक्त काँक्रीटचा चौथरा असायचा. मग एकापाठोपाठ चार ट्रक यायचे आणि प्रत्येकावर घराचा एक चतकोर. एकात सिंक आणि शेगडी जागच्या जागी बसवलेली, दुसऱ्यात झोपायच्या खोलीचं कपाट. भिंतींना रंग लागलेला, विजेच्या तारा आतून ओढून झालेल्या, नळाचे पाइप फक्त जोडायचे राहिलेले. क्रेनने एकेक चतकोर उचलून चौथऱ्यावर ठेवायचा, बोल्ट आवळायचे, पाणी, वीज आणि सांडपाणी जोडून द्यायचं, की झालं घर. विटांच्या घराचा तेवढ्या वेळात पायाही खणून झाला नसता.

१९४५ ते १९४९ या काळात ब्रिटनमध्ये सरकारने अशी १,५६,६२३ तात्पुरती घरं उभी केली. लोक त्यांना ‘प्रीफॅब’ म्हणत. सगळीच काही चार तुकड्यांत येत नसत. आर्कॉन जातीच्या घराला पोलादी सांगाडा आणि अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे, युनि-सेकोला लाकडी चौकट, टॅरनला काँक्रीटच्या फळ्या. चतकोरांत यायचं ते अॅल्युमिनियमचं घर, एअरो. चौपन्न हजारांहून अधिक संख्येने बनलेलं हे घर सगळ्यांत जास्त खपलं, आणि त्याचा जन्मही सगळ्यांत मजेदार. दुसरं महायुद्ध संपत आलं तसे विमानांचे कारखाने रिकामे पडू लागले. कामगार होते, यंत्रं होती, मोडीत काढायच्या विमानांचं अॅल्युमिनियम होतं, फक्त विमानांना गिऱ्हाईक नव्हतं. वेस्टन-सुपर-मेअरच्या ज्या कारखान्यात ब्रिस्टल कंपनीची ब्यूफायटर विमानं बनली होती, तिथून आता बंगले बाहेर पडू लागले. जर्मनीवर जाऊन बाँब टाकणारा एखादा पंख वितळून कुणाच्या मोरीची भिंत झाला असेल, यात अशक्य काही नाही.

गरज तर उघडच होती. जर्मन बाँब आणि नंतरची उडती रॉकेटं यांनी चार-साडेचार लाख घरं जमीनदोस्त केली होती किंवा राहण्याच्या लायकीची ठेवली नव्हती. सहा वर्षं नवं बांधकाम जवळजवळ बंद. सैन्यातून परतलेला नवरा, युद्धात लग्न झालेली बायको आणि त्यांचं तान्हं मूल, अशी बिऱ्हाडं सासूच्या घरातल्या एका खोलीत पडदा लावून राहत होती. १९४६च्या उन्हाळ्यात तर हजारो लोकांनी लष्कराच्या ओसाड पडलेल्या छावण्यांचा थेट ताबा घेतला. हे संकट येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून मार्च १९४४मध्ये रेडिओवरच्या भाषणात चर्चिल यांनी पाच लाख आयत्या घरांचं आश्वासन दिलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि पंधरा कोटी पौंड मंजूर झाले. घरांचं आयुष्य ठरलं दहा वर्षं. पाच लाखांची दीड लाख कशी झाली, ही निवडणुकीच्या आश्वासनांची नेहमीची कथा नाही. लोखंड, लाकूड, डॉलर, सगळ्याचाच तुटवडा होता, आणि पत्र्याचं घर विटांच्या घरापेक्षा स्वस्त पडेल हा अंदाजही चुकला. एअरो तर महागात पडलं.

पण या घराची खरी गोष्ट भिंतींत नाही, स्वयंपाकघरात आहे. १९४४मध्ये बांधकाम खात्याचे मंत्री लॉर्ड पोर्टल यांच्या नावाचा नमुन्याचा पोलादी बंगला लंडनच्या टेट कलादालनात लोकांना पाहायला मांडला गेला. पोलाद युद्धालाच पुरत नव्हतं, त्यामुळे तो बंगला कधी कारखान्यातून बाहेर पडलाच नाही. त्याचं स्वयंपाकघर मात्र तगलं. खात्याने दंडक घातला की कंपनी कुठलीही असो, भिंती कसल्याही असोत, पाठीला पाठ लावलेली मोरी आणि स्वयंपाकघर असंच असलं पाहिजे. मधल्या एकाच भिंतीत सगळे पाइप. या बाजूला सिंक, शेगडी, कपडे उकळायचा बॉयलर आणि फ्रिज, त्या बाजूला न्हाणीचा टब. बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की तिच्या मागच्या टाकीत पाणी तापायचं आणि ते नळातून यायचं.

आज हे वाचून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण १९५१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे पक्का न्हाणीघराचा टब नव्हता. पत्र्याचा टब भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असे, शनिवारी संध्याकाळी तो शेगडीपुढे येई आणि एकाच पाण्यात घरातल्या सगळ्यांची आंघोळ उरकायची. संडास परसात. रात्री कंदील घेऊन जायचं, थंडीत पाइप गोठले की आणखी वांधा. फ्रिज तर शंभरातल्या जेमतेम दोन घरांत. आणि इथे नगरपालिकेच्या भाडेकरूला, खाणकामगाराच्या, बसचालकाच्या बायकोला तो आयता मिळाला. ब्रिटनमधल्या श्रीमंत वस्त्यांतल्या कित्येक गृहिणींच्या आधी!

फ्रिज होता, पण त्यात ठेवायचं काय? रेशन चालू होतं. आठवड्याला माणशी लोण्याचे दोन-तीन औंस, चीज त्याहूनही कमी, अंडं मिळालं तर एक. युद्धात कधी रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. गोळ्या-चॉकलेटं एप्रिल १९४९मध्ये खुली झाली, तेव्हा दुकानं इतक्या झपाट्याने रिकामी झाली की ऑगस्टमध्ये सरकारला ती पुन्हा रेशनवर घ्यावी लागली. त्यानंतर १९५३च्या फेब्रुवारीपर्यंत मुलं थांबली. अशा दिवसांत फ्रिजचा पहिला उपयोग मुलांनीच शोधला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सरकार संत्र्याचा आटवलेला रस देई, तो पाणी घालून बर्फाच्या साच्यात ओतायचा, काडी खुपसायची आणि गल्लीतल्या पोरांना बोलावायचं. प्रीफॅबमध्ये वाढलेल्या कुणालाही बोलतं केलं की ही बर्फाची कांडी आठवणीत येतेच.

आईच्या आठवणीत मात्र सोमवार असतो. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, हे त्या देशात देवाच्या आज्ञेइतकं पक्कं होतं, कारण रविवारच्या भाजलेल्या मांसाचं उरलेलं थंड मांस सोमवारी जेवणाला पुरे आणि शेगडी धुण्याला मोकळी. जुन्या घरात पहाटे उठून विटांच्या भट्टीत पाणी चढवायचं, बादल्यांनी ओतायचं-काढायचं, चादरी दोन रुळांमध्ये घालून हाताने दांडा फिरवत पिळायच्या. प्रीफॅबमध्ये पिळायचे कष्ट सुटले नाहीत, पण पाणी वाहायचे सुटले. शेवटच्या पाण्यात निळीची पुडी. ती बहुधा रेकिट कंपनीची. आपल्याकडे पांढऱ्या शर्टांना आणि धोतरांना जी रॉबिन नीळ घातली जाई, ती याच कंपनीच्या घराण्यातली. धुणं दोरीवर गेलं आणि दुपारची भांडी झाली, की पावणेदोनला रेडिओवर लहान मुलांचा ‘लिसन विथ मदर’ लागे. जानेवारी १९५०पासून सुरू झालेला तो पंधरा मिनिटांचा कार्यक्रम म्हणजे कित्येक आयांची दिवसातली पहिली बसकण.

आता भिंतींबद्दल. आठवणी सांगणारे बहुतेक त्या वेळी मुलं होते, आणि मुलं घराचा कस अंगण, फ्रिज आणि शेजारच्या पोरांवरून लावतात. म्हणून या आठवणी स्वयंपाकघराबाबत खऱ्या आणि भिंतींबाबत जरा लबाड असतात. पातळ भिंती आणि लोखंडी चौकटीच्या खिडक्या यांमुळे घर उन्हाळ्यात तापायचं, हिवाळ्यात बर्फ व्हायचं. १९४७च्या जानेवारी ते मार्चच्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडल्या, कोळसा पोहोचेना, वीज कापावी लागली. त्यात जी कुटुंबं नव्यानेच प्रीफॅबमध्ये गेली होती त्यांना सकाळी काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची वेलबुट्टी दिसायची. मुलं ती नखाने खरवडत. त्याच काचेवरून दिवसभर ओघळणारं पाणी पुसायचं काम कुणाचं होतं, ते मुलांच्या आठवणीत क्वचितच येतं. भिंतीला खिळा ठोकावा तर तो धरत नसे. आणि अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा धोका तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्याची किंमत पुढे या घरांची दुरुस्ती आणि पाडापाडी करताना मोजावी लागली.

क्षेत्रफळ होतं सुमारे ६३५ चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मोरी, वेगळा संडास आणि भोवती बाग. मुंबईतल्या वन-बीएचकेवाल्याला हेवा वाटावा असा आकडा, पण अन्यूरिन बेव्हन यांना तो लाजिरवाणा वाटे. १९४५मध्ये मजूर सरकारात आरोग्याबरोबर घरबांधणीचं खातंही त्यांच्याकडे आलं. कामगारालाही ९०० चौरस फुटांचं विटांचं पक्कं घर मिळालं पाहिजे, या हट्टापायी त्यांनी प्रीफॅब केवळ नाइलाज म्हणून चालू ठेवली. गंमत अशी, की बेव्हन ज्या ट्रेडेगर गावात जन्मले, त्याच गावात पुढे मजूर पक्षाचा नेता झालेला नील किनॉक प्रीफॅबमध्ये वाढला. ते घर म्हणजे आमच्या नातेवाइकांसाठी पाहण्याजोगं नवल होतं, असं किनॉक यांनी सांगून ठेवलं आहे. तत्त्वाने बेव्हन बरोबर होते. पण ज्या बाईला ते नऊशे चौरस फूट आणखी आठ वर्षांनी मिळणार होते, तिच्या बाजूने पाहिलं तर मला पत्र्याचं घर अधिक माणुसकीचं वाटतं.

याच सुमारास आपल्याकडेही हा प्रयोग झाला. फाळणीनंतर निर्वासितांची सोय करायची होती आणि केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते ऑटो कोनिग्सबर्गर, हिटलरच्या जर्मनीतून निसटून म्हैसूर संस्थानात आलेले वास्तुविशारद. दिल्लीत जंगपुऱ्याला घरांचा कारखाना निघाला. पण काँक्रीटच्या तयार फळ्यांना तडे जाऊ लागले, संसदेत टीका झाली आणि १९५१मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले. तिथे उष्ण देशांतल्या वास्तुकलेचे शिक्षक म्हणून त्यांनी मोठं नाव कमावलं. ब्रिटनमध्ये प्रीफॅब तगलं याचं श्रेय म्हणूनच कल्पनेपेक्षा त्या रिकाम्या कारखान्यांना आणि तयार हातांना द्यायला हवं.

दहा वर्षं संपली, घरं उभीच. नगरपालिकांनी पाडायचं ठरवलं की भाडेकरू अर्ज घेऊन दारात. वयस्क माणसांना एकमजली घर सोयीचं वाटे, जिना नाही, शेजार ओळखीचा, मागे वाटाणे आणि बटाटे लावायला वाफे. युद्धात हवाई हल्ल्यात लपायला दिलेला अँडरसन शेल्टरचा नागमोडी पत्रा बऱ्याच बागांत कुदळ-फावडी ठेवायच्या खोपटाला लागला होता. साठच्या दशकात पुष्कळ प्रीफॅब पाडली गेली आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. तिथे गेलेल्या कुटुंबांना पहिली चुटपुट लागली ती बागेची.

दक्षिण लंडनच्या कॅटफर्डमधली एक्सकॅलिबर वसाहत सगळ्यांत चिवट ठरली. १९४५-४६मध्ये जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांनी उभारलेली १८७ घरं, आणि रस्त्यांना नावं राजा आर्थरच्या दरबारातल्या सरदारांची. पर्सांट रोड, पेलिनोर रोड वगैरे. चर्चसुद्धा तयार भागांचंच. एकविसावं शतक उजाडलं तरी लोक तिथे राहत होते, कुणी दारापुढे खांब लावून पोर्च केलेला, कुणी भिंती रंगवून टुडर घराचा आव आणलेला. २०१०मध्ये रहिवाशांचंच मत घेतलं तेव्हा पाडून नवं बांधण्याच्या बाजूने थोडक्यात बहुमत झालं आणि वसाहतीत शेजारी-शेजारी फूट पडली. त्याआधी २००९मध्ये सहा घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं होतं. बर्मिंगहॅमच्या वेक ग्रीन रोडवर अशीच फिनिक्स जातीची सोळा घरं संरक्षित आहेत. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात अॅल्युमिनियमचं आणि ब्रॉम्सग्रोव्हजवळच्या एव्हनक्रॉफ्ट संग्रहालयात आर्कॉन जातीचं घर आतल्या सामानासकट पाहता येतं.

मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला उन्हाळा काढायला गेलेल्या मंडळींनी लंडन आय आणि विंडसर उरकल्यावर एक दुपार कॅटफर्डला द्यायला हरकत नाही. फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. पर्सांट रोडवरची ती संरक्षित सहा घरं बाहेरूनच पाहायची आहेत, आणि आजूबाजूला विटांची नवी घरं उठली आहेत. स्वयंपाकघर पाहायचं असेल तर मात्र सेंट फेगन्ससारख्या संग्रहालयातच जावं लागेल. सेंट फेगन्सला प्रवेश फुकट आहे.