अंगणातील वृक्षांची छाटणी

मृगाचा पाऊस जवळ आला की शहरांतील घरमालकांना अंगणातील झाडांची आठवण होते. वाऱ्याने फांदी कौलांवर पडेल, शेजाऱ्याच्या भिंतीस धक्का लागेल, ही धास्ती अनाठायी नसते. परंतु झाड आपल्या जागेत व आपल्याच वडिलांनी लावलेले असले, म्हणजे ते वाटेल तसे तोडण्यास आपण मोकळे आहोत, हा समज मात्र चुकीचा होय.

राज्यातील नागरी क्षेत्रांत झाडांचे संरक्षण व जतन यांसंबंधीचा १९७५ चा अधिनियम लागू आहे. 'झाड तोडणे' या शब्दांत त्याने झाड जाळणे, कापणे वा कोणत्याही प्रकारे त्यास इजा करणे यांचाही समावेश केला आहे. खाजगी अंगण यातून सुटत नाही. म्हणून छाटणीपूर्वी झाडाची जात, जागा व कारण नमूद करून नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. पाहणी होऊन परवानगी मिळण्यास वेळ लागतो. तेव्हा ढग जमल्यावर अर्ज लिहावयास बसणे व्यर्थ आहे. २०२१ च्या सुधारणेनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष गणले जाते. वडिलार्जित घरापुढील आंबा या वर्गात सहज मोडतो.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीविषयीचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, मोह इत्यादी वृक्ष येतात.

परवानगी हाती आली तरी निम्मेच काम झाले. मजूर पुष्कळदा शेंडाच उडवून देतात. घरमालकास झाड ठेंगणे झाल्याचे समाधान वाटते. पण पाने गेल्याने झाडाची उपासमार होते, उघड्या बुंध्यास ऊन पोळते आणि कापलेल्या टोकांवर फुटणारे धुमारे वरवरच चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी वादळात तेच प्रथम मोडतात. ज्या धोक्यासाठी छाटणी केली, तो अशा रीतीने वाढतो. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्या, आणि एका वेळी पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक कापू नये.

जाड फांदी तीन कापांत काढावी. खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत करवत चालवावी. मग थोडे पुढे सरकून वरून कापावे, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या किंचित बाहेर कापावा. वळा कापला गेल्यास जखम भरत नाही. लांब खुंट ठेवल्यास तो कुजून कीड आत शिरते. कुऱ्हाडीने हे साधत नाही, करवतच हवी.

फांद्यांत घरटी आहेत काय, हे अगोदर पाहावे. वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. विजेच्या तारांस लागलेल्या फांदीस घरमालकाने हात लावू नये. वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा.

आंब्यासारख्या फळझाडाच्या कापावर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत पाच-पाच लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावेत. मिश्रणात घासलेला लोखंडी चाकू क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा.