वळणावरचे गाव

२०१५ साली आलेल्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या संगणकीय खेळात तुम्हाला नदीकाठी खेडे वसवायचे आहे. ते खरे वाटावे म्हणून घरे कोठे बांधाल?

आधी एक प्रयोग करा. पेल्यातील पाण्यात चहाची भिजलेली पाने टाकून ती चमच्याने गोल ढवळा. चमचा काढला, की पाने तळाशी, मध्यभागी गोळा होतात. घर्षणाने तळाचे पाणी मंदावते, आत वळते आणि पानांना ओढून नेते. नदीच्या वळणावरही असेच घडते, हे आइन्स्टाइन यांनी १९२६ साली स्पष्ट केले. त्यामुळे बाहेरचा काठ झिजतो व आतल्या काठावर गाळ साचतो.

खेळातील नदी वाहते. पण काठ झिजवीत नाही. ते काम तुमचे! बाहेरचा काठ उभा कोरा, आतला उतरता ठेवा. गाळाच्या जमिनीत शेते करा, घरे मात्र मागच्या उंचवट्यावर बांधा. खाली धरण घातलेत, तर पाणी फुगून सखल घरांत शिरेल.

आता सांगा, तुमच्या जवळच्या नदीच्या वळणावर जुनी वस्ती कोणत्या काठाला आहे? आणि का?